जिवंत माशाचे मोल

हाँगकाँगच्या उपाहारगृहांत प्रवाळभित्तीवरील हेकरू हौदातून निवडून शिजविला जातो. जिवंतपणाची वाढीव किंमत तेथे एकदाच वसूल होते. हौशी गळमासेमारीत मात्र पकडलेला महसीर पुन्हा पाण्यात सोडतात, व एकच मासा अनेकदा उत्पन्न देतो. वरवर पाहता हा व्यवहार निर्धोक वाटतो. मुळशी तालुक्यातील कोळवणचे खोरे मुळेच्या पाणलोटात येते. मुळा-मुठेतील महसीराचे शास्त्रीय वर्णन साइक्सने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे धरणांनी नद्यांतील विणीच्या वाटा अडविल्या. टाटांच्या वीजकंपनीने लोणावळ्यास या माशाचे कृत्रिम प्रजनन आरंभिले, आणि तेथील बोटुकली दूरदूरच्या पाण्यांत, थेट कावेरीतही, सोडली गेली. कावेरीकाठच्या तळांवर गळवाले चांगले पैसे मोजीत. मासे गळाला लागत होते, तोवर हिशेब फायद्याचाच दिसे. मासा कोणत्या जातीचा, हे त्या हिशेबात कोठेच नव्हते. प्रत्यक्षात पाहुण्या महसीराची संख्या वाढत गेली व पाठीवर उंचवटा असलेला कावेरीचा मूळ, प्रचंड आकाराचा महसीर दिसेनासा झाला. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत करावी लागली.