कंप आणि गुंतलेली जाळी

यंत्र चालू झाले की त्याबरोबर कंपही चालू होतो. बंगळूरच्या पश्चिम भागातील राजाजीनगर ही चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाची वस्ती या दृष्टीने लक्षणीय आहे. तेथील औद्योगिक वसाहतीने छोट्या यंत्रकारखान्यांना आश्रय दिला. लगतच्या मल्लेश्वरमकडील बाजूस 1946 साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीने विजेच्या मोटारी बनविल्या. मराठी वाचकास हे नाव परके नाही. शिवाय 1 मार्च 2014 पासून याच वस्तीतून उन्नत मार्गाने मेट्रो गाडी धावते. लेथ, मोटार, आगगाडी या तिन्हींचा एक समान शत्रू म्हणजे कंप होय.

कंपामुळे लेथवर कातलेल्या दांड्यावर लाटांसारख्या खुणा उमटतात, धारवा-बेअरिंगे लवकर झिजतात आणि धातूस शीण येऊन तो अनपेक्षितपणे तुटतो. परंतु सर्वांत मोठी किंमत माणूस देतो. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वर्षानुवर्षे हातात धरणाऱ्यांच्या बोटांतील रक्तप्रवाह मंदावतो. थंडीत बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथील पाथरवटांच्या हातांची अशी तपासणी ॲलिस हॅमिल्टन या महिला डॉक्टरने 1918 साली केली होती.

कंप शमविणे याचा अर्थ त्याच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे. या क्रियेस अवमंदन म्हणतात. देवळातील काशाची घंटा एका टोल्यावर बराच वेळ घुमते. त्याच आकाराची रबराची घंटा केली तर ती ‘थप्’ एवढाच आवाज करील. काशात ऊर्जा साठते व परत मिळते, रबरात तिचा बराच भाग रेणूंच्या आपसांतील घर्षणात खर्च होतो. एका कंपनचक्रात नाहीशी झालेली ऊर्जा व त्या चक्रात साठलेली कमाल ऊर्जा यांच्या गुणोत्तरास 2π ने भागले असता ऱ्हास गुणांक मिळतो. पोलादाच्या बाबतीत तो सामान्यतः एक सहस्रांश किंवा त्याहूनही कमी असतो. बिडाचा त्याहून जास्त असतो, कारण बिडातील ग्रॅफाइटची पाने आतल्या आत ऊर्जा खातात. लेथचा पाया परंपरेने बिडाचा ओततात, त्यामागे हेही एक कारण आहे. रबरासारख्या पदार्थांत हा गुणांक एक दशांशापासून एकापर्यंत, क्वचित त्याच्याही पुढे जातो.

मग सगळे रबराचेच का करू नये? कारण रबर भार पेलत नाही. जो पदार्थ ताठ तो कंप गिळत नाही आणि जो गिळतो तो ताठ राहत नाही, असा हा पेच आहे.

बहुवारिकांच्या बाबतीत दुसरीही एक अडचण आहे. प्रत्येक बहुवारिकाचे एक काचसंक्रमण तापमान असते. त्याखाली पदार्थ काचेसारखा कडक, त्यावर रबरासारखा मऊ. अवमंदन सर्वाधिक असते ते या संक्रमणाच्या आसपास, सुमारे वीस ते तीस अंशांच्या अरुंद पट्ट्यात. नेहमीच्या पॉलिस्टायरीनचे संक्रमण सुमारे 100 अंश सेल्सिअसला होते, मऊ पॉलियुरेथेनचे शून्याच्या बरेच खाली. बंगळूरची हवा सौम्य असली तरी सकाळी थंड असलेली मोटार दुपारपर्यंत चांगलीच तापते. त्यात कंप्रता वाढली की संक्रमणही वरच्या तापमानाकडे सरकते. एवढ्या फरकाला पुरेल असा एकच पदार्थ सापडणे कठीण.

दोन बहुवारिके मिसळावीत म्हटले तर ती मिसळत नाहीत. लहान रेणूंना एकमेकांत विखुरण्याची जी स्वाभाविक ओढ असते, ती लांबलचक साखळ्यांत फारच थोडी उरते. तेल-पाण्याप्रमाणे त्या वेगळ्या होतात. यावरील तोड म्हणजे आंतरप्रविष्ट जाळी. दोऱ्याचे एक जाळे विणून गाठी मारल्या आणि त्याच्याच छिद्रांतून दुसरा दोरा ओवून त्याच्याही गाठी मारल्या, तर दोन्ही जाळ्यांत एकही गाठ सामाईक नसते, तरीही दोरा कापल्याशिवाय ती सुटी होत नाहीत. रेणूंच्या पातळीवर हेच घडविले जाते. एक जाळे आधी तयार करून ते दुसऱ्याच्या एकवारिकात फुगवितात व मग ते एकवारिक आतच जोडतात. किंवा दोन्ही द्रव एकत्र करून दोन निरनिराळ्या अभिक्रियांनी एकाच वेळी घट्ट करतात.

ही कल्पना जुनी आहे. एडिसनचे सहकारी जोनास एल्सवर्थ यांनी 1914 साली ठिसूळ फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनात रबर व गंधक घालून असा पदार्थ बनविला. त्याला आजचे नाव मात्र मिलर यांनी 1960 साली दिले.

विलग होण्याची ओढ जाळ्यांमुळे अर्ध्यावर अडते, हा या पदार्थाचा खरा गुण आहे. आतील प्रदेश अतिसूक्ष्म राहतात आणि त्यांचे घटकप्रमाण जागोजागी बदलते. त्यामुळे प्रत्येक प्रदेशाचे संक्रमण थोड्या वेगळ्या तापमानास होते. एका उंच, निमुळत्या शिखराऐवजी रुंद पठार मिळते. ऱ्हास गुणांक 0.3 हून अधिक आणि तोही साठ-सत्तर अंशांच्या पट्ट्यात टिकावा, असे उद्दिष्ट संशोधक मानतात. मऊ भाग भेगेची वाट अडवितात, म्हणून ठिसूळपणाही कमी होतो. मऊ जाळ्याचे प्रमाण वाढविले की ताठपणा उतरतो व ताणल्यावर होणारी वाढ अधिक होते. कधी मधल्याच एखाद्या प्रमाणात ताणबल दोन्ही घटकांपेक्षा जास्त भरते, पण त्यावर भरवसा ठेवून आराखडा करणे शहाणपणाचे नाही.

अशा रेझिनात काचतंतू घातले की संमिश्र तयार होते. काचतंतूचा ताठपणा कडक रेझिनाच्या वीसपटींहून अधिक असतो. भार तंतूंवर जातो आणि तंतू स्वतः फारशी ऊर्जा गिळत नाहीत. साहजिकच संमिश्राचे अवमंदन नुसत्या रेझिनापेक्षा घटते. अभ्रकाच्या पातळ पानांनी ताठपणा वाढतो आणि पान व रेझिन यांच्यातील घर्षणाचा थोडा लाभ मिळतो. याहून प्रभावी युक्ती अशी, की दोन धातुपत्र्यांच्या मध्ये या पदार्थाचा पातळ थर बसवावा. पत्रा वाकला की मधल्या थरात कर्तन होते व ऊर्जा तेथे खर्ची पडते. भार धातूने पेलावा, कंप थराने गिळावा. अशा बद्ध थराचे गणित एडवर्ड कर्विन यांनी 1959 साली मांडले.

भारताच्या दृष्टीने या विषयात एरंडेल तेलाला विशेष स्थान आहे. त्यातील सुमारे नव्वद टक्के मेदाम्ल रिसिनोलेइक असून त्यावर हायड्रॉक्सिल गट असतो. आयसोसायनेटशी संयोग होऊन त्यापासून थेट पॉलियुरेथेनचे जाळे बनते. पेन्सिल्व्हेनियातील लेहाय विद्यापीठात स्पर्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात या तेलाची आंतरप्रविष्ट जाळी अभ्यासली; पुढे राजाजीनगरहून फारशा दूर नसलेल्या म्हैसूरच्या प्रयोगशाळांतही असे काम झाले. एरंडीचे सर्वाधिक उत्पादन भारतात, त्यातही गुजरातेत होते. मात्र आयसोसायनेट श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास दमा जडू शकतो. कामगारांचे हात वाचविणारा हा पदार्थ बंदिस्त खोलीत कालविला, तर त्यांचीच फुप्फुसे धोक्यात येतात. हवा खेचून बाहेर टाकणारी व्यवस्था तेथे अनिवार्य आहे.

गिळलेला कंप शेवटी उष्णता होतो आणि बहुवारिके उष्णतेची मंदवाहक असतात. सतत चालणाऱ्या यंत्राखाली जाड गादी आतून तापते, मऊ होते व भाराखाली हळूहळू बसते. म्हणून थर पातळ ठेवून धातूला चिकटवितात. धातू ती उष्णता बाहेर नेतो.