धिरा (खांब रोवणी)

धिरा म्हणजे खांब जमिनीत रोवला जात असताना तो ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या कलात स्थिर राहावा म्हणून त्याला दिलेला तात्पुरता तिरपा आधार. बांबू, लाकडी बल्ली, फळी किंवा लोखंडी नळी यांपासून धिरा करतात. त्याचे वरचे टोक खांबाला व खालचे टोक जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधलेले असते. खड्डा भरून चोपून झाल्यावर, अथवा त्यातील काँक्रीट घट्ट झाल्यावर, धिरा काढून पुढच्या खांबासाठी वापरतात. टेकू हा शब्दही या अर्थाने रूढ आहे. परंतु टेकू बहुधा भार पेलण्यासाठी असतो आणि तो कायमचाही असू शकतो. रोवणीतील धिरा भार पेलत नाही, तो केवळ हालचाल रोखतो.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत द्राक्षांचे मांडव, टोमॅटोची तार-बांबूची बांधणी, कांद्याच्या चाळी, गोठे आणि घराभोवतीची जाळीची कुंपणे यांमुळे खांब रोवण्याचे काम वर्षभर चालू असते. त्यामुळे हे साधे साधन तेथील शेतीकामाचा नित्याचा भाग आहे.

पार्श्वभूमी

खांबाला मराठीत मेढ असा जुना शब्द आहे. लग्न किंवा मुंज यांसारख्या कार्यात मांडवाचा पहिला खांब मुहूर्तावर रोवतात, ती मुहूर्तमेढ होय. कोणत्याही कार्याचा आरंभ करणे या अर्थाचा ‘मुहूर्तमेढ रोवणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. वाक्प्रचारात मान पहिल्या खांबाला मिळाला आहे आणि व्यवहारातही ते योग्यच ठरते, कारण ओळीतील उरलेले सर्व खांब पहिल्या व शेवटच्या खांबावरून साधले जातात.

या परिसरात खांब रोवून घर उभारण्याची रीत फार जुनी आहे. भीमाशंकराच्या डोंगररांगेत उगम पावून आंबेगाव तालुक्यातून वाहणाऱ्या घोड नदीच्याच काठी, पुढे शिरूर तालुक्यात, इनामगाव हे ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे स्थळ आहे. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने १९६८ पासून तेथे केलेल्या उत्खननात घरांच्या जमिनींत खांबांसाठी केलेली भोके आढळली. लाकूड कुजून गेले तरी त्या जागी भरलेल्या मातीचा रंग व पोत वेगळा राहतो आणि त्यावरून खांबांची मांडणी कळते. काम होताच काढून घेतला जाणारा धिरा असा ठसा सहसा मागे ठेवत नाही.

दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात कारवीच्या कुडाची घरे लाकडी खांबांवर उभारली जात. अशा घरात आढे किंवा तुळई बसवण्यासाठी वर दुबेळके असलेला खांब निवडत. दुबेळक्याचा खांब ओळंब्यात असणे पुरेसे नसते, त्याच्या फाट्याचे तोंडही तुळईच्या दिशेला असावे लागते. नाही तर पहारीने खांब पिळून फिरवावा लागतो आणि भरलेली माती पुन्हा सैल होते.

स्थिरतेचे तत्त्व

खड्ड्यात उभा केलेला खांब तीन प्रकारे चुकू शकतो. तो ओळीच्या दिशेने पुढे-मागे झुकतो, ओळीच्या आडव्या दिशेने डावी-उजवीकडे झुकतो, किंवा स्वतःभोवती फिरतो. पहिल्या दोन चुका रोखण्यासाठी एकमेकांशी काटकोनात असलेले दोन धिरे लागतात. एकच धिरा कितीही मजबूत असला, तरी खांब त्याच्या आडव्या दिशेने झुलण्यास मोकळा राहतो.

दोन धिरे पुरतात ते मात्र दोन्ही टोकांना पक्के बांधलेले असतील तरच. खिळ्याने ठोकलेली किंवा तारेने आवळलेली बल्ली खांबाला ढकलूही शकते आणि ओढूही शकते. नुसती टेकवून ठेवलेली बल्ली फक्त ढकलते. खांब तिच्यापासून दूर झुकला की ती गळून पडते. म्हणून टेकवलेल्या बल्ल्या किमान तीन लागतात व त्या खांबाभोवती सारख्या अंतरावर ठेवाव्या लागतात. दोर नेमके याच्या उलट वागतो, तो केवळ ओढतो. विजेचा किंवा तसाच उंच खांब दोरांनी सावरायचा झाल्यास तेथेही तीन दिशांना ताण द्यावा लागतो. ‘दोन माणसे खांब धरून उभी आहेत, धिऱ्याची गरज काय’ हा युक्तिवाद कामावर नेहमी ऐकू येतो. मात्र मातीचा प्रत्येक थर चोपताना खांब धक्के खातो आणि धरणाऱ्याचा हात नकळत सैल पडतो.

थोडा झुकाव डोळ्याला क्षुल्लक वाटतो. जमिनीवर २४० सेंटिमीटर उंच असलेला खांब केवळ १ अंशाने कलला, तर त्याचा माथा सुमारे ४ सेंटिमीटर सरकतो. माथ्यावर भार आला की हे अंतर भुजेचे काम करते आणि भार खांबाला आणखी झुकवतो. झुकाव वाढला की भुजा वाढते, आणि भुजा वाढली की झुकाव. रोवतानाची चूक म्हणूनच रोवल्या दिवशी दिसत नाही, ती भार आल्यावर दिसते.

जमीन आणि खड्डा

पश्चिमेला घाटमाथ्याजवळ पाऊस मुसळधार असतो व उताराची जमीन पावसाळ्यात चिंब होते. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि नदीकाठाने काळी जमीन लागते. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे ही धरणे असलेल्या कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर याच पूर्व भागात बागायत वाढली आणि तिच्याबरोबर मांडवही वाढले.

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खड्ड्यातून निघालेली तीच माती खांबाभोवती परत भरली, तर पहिल्याच उन्हाळ्यात खांब आणि माती यांच्यात फट पडते. त्यामुळे खड्डा मुरूम व दगडांनी भरणे श्रेयस्कर असते. तळाशी एक चपटा दगड ठेवतात, त्यामुळे खांब खचत नाही. त्यावर खांब उभा करून बुडाशी तीन-चार दगड पाचरीसारखे ठोकतात. बूड असे जखडले गेले की धिऱ्यावरचे काम निम्मे होते.

खड्डा किती खोल असावा हे खांबाची उंची, भार आणि जमीन यांवर ठरते. विजेच्या खांबांसाठी एकूण लांबीचा सुमारे सहावा भाग जमिनीत असावा, असा ढोबळ नियम आहे. भुसभुशीत जमिनीत त्याहून अधिक खोली घ्यावी लागते. ट्रॅक्टरला जोडलेल्या फिरत्या पात्याच्या यंत्राने खोदलेला खड्डा अरुंद असतो. त्यात खांब कमी झुलतो व भरावही कमी लागतो, परंतु पहारीने चोपायला जागा उरत नाही आणि तळ पोकळ राहण्याचा संभव असतो.

रोवणीची पद्धत

ओळीच्या दोन टोकांचे खांब आधी रोवून, धिरे देऊन पक्के करतात. मग त्यांच्या बुडाजवळ एक आणि माथ्याजवळ एक अशा दोन दोऱ्या ताणतात. मधले खांब या दोऱ्यांना टेकवत नाहीत. अंगठ्याच्या जाडीएवढी फट सोडतात. एखादा खांब दोरीला टेकला, तर तो दोरी बाजूला ढकलतो आणि त्यापुढचे सगळे खांब त्याची चूक गिरवतात.

खांब ओळंब्याने तपासतात. गवंड्याच्या ओळंब्यात लोंबत्या वजनाच्या व्यासाएवढी एक चकती दोरीत ओवलेली असते. चकती खांबाच्या माथ्याशी टेकवली आणि खाली वजन खांबाला जेमतेम शिवले, की ती बाजू उभ्या रेषेत आली. हीच तपासणी काटकोनातील दुसऱ्या बाजूने करावी लागते. वाऱ्यात ओळंबा डुलत राहतो, अशा वेळी वजन पाण्याच्या बादलीत बुडते ठेवले की ते लवकर स्थिरावते. बुडाला जाड व शेंड्याला निमुळत्या लाकडी खांबाला चकतीचा ओळंबा लागू पडत नाही, कारण त्याची बाजू मुळातच तिरपी असते. तेथे ओळंबा दूर धरून खांबाची मधली रेषा डोळ्याने जुळवतात.

खांब सरळ झाल्यावर धिरे बांधतात. वरचे टोक खांबाच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांशावर असावे. त्याहून खाली बांधलेला धिरा माथ्याची हालचाल नीट रोखू शकत नाही. खालची खुंटी खड्ड्याच्या काठापासून दूर, न खोदलेल्या जमिनीत ठोकतात. लाकडाला खिळे मारताना त्यांची डोकी थोडी वर ठेवतात, म्हणजे उपटणे सोपे जाते. लोखंडी अँगलला खिळा चालत नाही, तेथे बांधणीची तार पकडीने आवळतात. आधी खुंटीकडचे टोक पक्के करून नंतर खांबाकडचे टोक बांधले, तर ओळंब्याकडे पाहत शेवटची दुरुस्ती करता येते.

भराव वीतभर जाडीच्या थरांनी घालून प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने चारही बाजूंनी आलटून-पालटून चोपतात. एकाच बाजूने चोपल्यास खांब समोरच्या बाजूला रेटला जातो. दर दोन थरांनंतर ओळंबा पुन्हा लावावा लागतो. खांब पुष्कळ आणि धिरे थोडे असतील, तेव्हा चार-पाच खांबांना एक आडवी पट्टी बांधून तिच्या दोन टोकांनाच धिरे देतात. पट्टीच्या दिशेने सगळी रांग एकदम स्थिर होते, आडव्या दिशेसाठी मात्र वेगळा आधार लागतोच.

द्राक्षमांडव

नारायणगाव व जुन्नर परिसरात द्राक्षवेल आडव्या मांडवावर किंवा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या आधारावर चढवतात. खुंटरोपांवर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम केल्यावर नवी वेल वेगाने वाढते आणि तिला वेळेवर तार मिळावी लागते. त्यामुळे रोवणी घाईत होते आणि धिरे लवकर काढले जातात.

वाय आकाराच्या सांगाड्यात लोखंडी अँगलचे दोन हात ओळीच्या आडव्या दिशेला पसरलेले असतात. अशा खांबाच्या बाबतीत स्वतःभोवती फिरण्याची चूक सर्वांत महाग पडते. हात थोडे जरी वळले, तरी त्यांच्या टोकांवरून जाणाऱ्या तारा नागमोडी होतात आणि ताण देताना प्रत्येक वळणावर खांब पिळला जातो. म्हणून माथ्याची दोरी येथे हाताच्या टोकाजवळून नेतात.

कडेचे खांब हा वेगळा विषय आहे. सगळ्या तारांचा ताण त्यांच्यावर एकाच बाजूने, आतल्या दिशेने येतो. त्यांना मुद्दाम बाहेरच्या बाजूला कलते रोवतात आणि त्यांच्या माथ्यापासून जमिनीत खोल पुरलेल्या दगडापर्यंत ताणाची तार नेतात. येथे ओळंबा केवळ ओळीच्या आडव्या दिशेसाठी उपयोगी पडतो. बाहेरचा कल सर्व खांबांत सारखा यावा म्हणून लाकडी पट्ट्यांचा एक त्रिकोणी साचा करून तो प्रत्येक खांबाला लावून पाहतात. ताणाची तार आवळण्यापूर्वी धिरा काढला, तर कलता खांब स्वतःच्या वजनाने आणखी बाहेर जातो. आधी ताण, मग तारा, आणि सर्वांत शेवटी धिरा सोडणे, असा क्रम पाळावा लागतो.

फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते व माल पुढे जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येतो. म्हणजे मांडवावरचा भार महिनोन्महिने वाढत जातो आणि काढणीच्या तोंडावर सर्वाधिक असतो. चांगल्या बागेत तो एकरी १० टनांच्या घरात जातो. नेमक्या त्या वेळी अवकाळी पाऊस व वारा आला की ओली पाने आणि घड यांचे वजन वाढते. तारांनी सर्व खांब एकमेकांना जोडलेले असल्याने एक कडेचा खांब उखडला, तर त्याच्या ओळीचा ताण जातो आणि शेजारच्या ओळीही ओढल्या जातात. पडलेला मांडव वेलींसकट उचलणे जवळजवळ अशक्य असते. त्या हंगामाचा माल तर जातोच, शिवाय मोडलेल्या ओलांड्यांमुळे पुढील हंगामांचेही नुकसान होते.

धिरा कधी काढावा

मुरूम व दगड चोपून भरलेल्या खांबाचा धिरा भराव पूर्ण होताच काढता येतो. काँक्रीटचे तसे नाही. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटचे प्राथमिक घट्ट होणे ३० मिनिटांच्या आत सुरू होऊ नये आणि अंतिम घट्ट होणे ६०० मिनिटांच्या आत पूर्ण व्हावे. घट्ट होणे म्हणजे मजबूत होणे नव्हे. काँक्रीटची मजबुती २८ दिवसांच्या वयाला मोजतात. सकाळी रोवलेला खांब संध्याकाळी हाताला घट्ट लागतो, पण तेव्हा त्याला हलवले तर काँक्रीटमध्ये बारीक चीर जाते आणि ती पुन्हा सांधत नाही. धिरे किमान एक दिवस ठेवावेत, तारांना ताण आठवडाभर तरी देऊ नये आणि तोवर काँक्रीटवर पाणी मारत राहावे, ही पद्धत सुरक्षित मानली जाते.

धोके

उभा करताना निसटलेला खांब अंगावर पडणे हा उघड धोका आहे. त्याहून घातक आहे तो वरून जाणाऱ्या विजेच्या तारांचा. लांब लोखंडी अँगल किंवा नळी आडवी असताना तारा दूर वाटतात, पण ती उभी करताना तिचा माथा मोठ्या कमानीतून फिरतो. ओला बांबूही वीजवाहक ठरतो. तारांखालून जाणारी ओळ आखणीतच टाळणे किंवा वीजपुरवठा अधिकृतपणे बंद करून घेणे, हेच उपाय आहेत.

धिरा न चालणारे खांब

बैलांनी मळणी करत, तेव्हा खळ्याच्या मध्यभागी तिवडा रोवत आणि बैल त्याला बांधून गोल फिरवत. बैलांच्या वाटेत काहीही नको असल्याने तिवड्याला कायमचा तिरपा आधार देता येत नसे, आणि ओढ तर सर्व बाजूंनी येई. त्याची सारी स्थिरता खोल खड्डा व चोपलेला भराव यांतूनच येई.

बिबट्यांच्या वावरामुळे जुन्नर वन विभागातील वस्त्यांवर घर व गोठ्याभोवती उभारल्या जाणाऱ्या जाळीच्या कुंपणात उलट स्थिती असते. ताणलेली जाळी कोपऱ्याचा खांब दोन्ही बाजूंनी आत ओढते, म्हणून तेथे दोन तिरपे आधार कायमचेच ठेवतात. कोपऱ्याचा खांब सैल झाला की जाळीला झोळ पडतो आणि तिची खालची कड जमिनीपासून उचलली जाते. त्यामुळे अशा कुंपणाची पाहणी करताना जाळीच्या आधी कोपऱ्याचे खांब हलवून पाहतात.