मेक्सिकोचा मका आणि वावरची नागली

परदेशी जाऊन राहिलेल्या माणसाने जगाविषयी काही लिहिले, की मराठी वाचक ते कुतूहलाने वाचतो आणि मनातून थोडा सावधही होतो. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून हे कुतूहल आणि ही सावधगिरी दोन्ही चालत आलेली आहेत. रमाबाईंनी अमेरिकेतील स्त्रियांच्या संस्थांचे मनमोकळे कौतुक केले. पण तेथील काळ्या लोकांना व मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. अशी दुहेरी दृष्टी फार थोड्यांना लाभते. एरवी परदेशस्थांचे दोन प्रकार सहज आढळतात. एकाला तिकडचे रस्ते, यंत्रे, स्वच्छता यांपलीकडे काही दिसत नाही. दुसरा स्वदेश सोडला त्या दिवशीचाच देश उराशी धरून बसतो आणि त्या गोठलेल्या देशाला सल्ले देत राहतो. दोघांच्याही बोलण्यात खोटेपणा असतोच असे नाही. पण दोघेही कोणाच्या बाजूने पाहत आहेत, हे त्यांच्या मतांवरून उमगत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

एखाद्या देशात जाऊन माणूस कोणाच्या पंगतीला बसला, यावर त्याच्या मताची किंमत ठरवावी. ही कसोटी लावायची झाली, तर सर्वप्रथम वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव घ्यावे लागेल. १८८४ मध्ये जन्मलेला हा तरुण टिळकांच्या प्रभावाखाली वाढला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला. हेतू दुहेरी होता : सशस्त्र क्रांतीचे शिक्षण आणि शेतीचे शिक्षण. या दोन गोष्टी एकाच पिशवीत घालून निघालेला विद्यार्थी आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. त्या काळी त्यात विसंगती नव्हती. वारंवार दुष्काळात सापडणारा शेतकरी स्वातंत्र्यावाचून सुटणार नाही आणि केवळ स्वातंत्र्यानेही सुटणार नाही, ही जाणीव त्या पिढीतील अनेकांना होती.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खानखोज्यांना जे जग दिसले ते विद्यापीठांच्या इमारतींपुरते नव्हते. ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत लाकडाच्या गिरण्यांमध्ये व शेतांवर पंजाबी मजूर राबत होते. १९०७ मध्ये बेलिंगहॅम या गावी गोऱ्या जमावाने या हिंदी मजुरांना मारहाण करून हुसकावून लावले. अमेरिकेतील दैनंदिन जीवन म्हणजे काय, याचा पहिला पाठ त्या पिढीने असा घेतला. याच मजुरांच्या वर्गणीवर १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला, आणि त्याच्या आरंभीच्या संघटकांत खानखोजे होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे हेही त्याच चळवळीतले. ते स्वदेशी परतले आणि १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. खानखोजे वाचले. इराणच्या मुलखातील धडपड, तेथून बर्लिन आणि १९२१ मध्ये मॉस्को, हा सारा प्रवास एखाद्या कादंबरीला पुरेल असा आहे. पण रोमहर्षक भागावरच थांबण्याची सवय आपल्या चरित्रलेखनाला जडलेली आहे, आणि त्यापायी पुढची तीस वर्षे झाकली जातात.

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत गेले. त्या देशात नुकतीच एक क्रांती होऊन गेली होती. तेथील मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांवर शेतमजूर कर्जाने बांधलेला असे. मालकाच्याच दुकानातून उधार घ्यायचे, मालकाच्याच शेतावर ते फेडायचे आणि फिटले नाही तर ते मुलाच्या डोक्यावर ठेवून मरायचे, अशी ती रीत होती. ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायको दोघेही सावकाराकडे राबत. त्या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. पृथ्वीच्या दोन टोकांना एकच व्यवस्था किती निराळ्या नावांनी नांदते, हे पाहण्यासारखे आहे.

खानखोजे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेत शिकवू लागले. जमिनीचा लाभ कसा घ्यावा हे शिकवावे, माणसाला लुबाडणे शिकवू नये, अशा अर्थाचे त्या शाळेचे ब्रीद आहे. खानखोज्यांनी मात्र शाळेच्या भिंतींत समाधान मानले नाही. खेडुतांसाठी त्यांनी ‘मुक्त कृषिशाळा’ काढल्या. शेतकऱ्याच्या पोरांना तेथे मोफत आणि त्यांच्याच रानात शिकवले जाई. मक्यावर त्यांनी संशोधन केले, मक्याचा रानटी भाऊबंद असलेल्या तेओसिंते या गवताशी त्याचा संकर करून पाहिला, उंचावरील थंड पठारांसाठी गव्हाचे वाणही तपासले. दिएगो रिवेरा हा थोर चित्रकार याच सुमारास मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंती रंगवीत होता. १९२८ च्या एका भित्तिचित्रात कष्टकऱ्यांच्या टेबलाच्या मध्यभागी बसून भाकरी मोडणारा जो माणूस आहे, त्याच्या ठायी खानखोजे रंगवले आहेत असे सांगितले जाते. वर्ध्याच्या माणसाला परक्या देशाने दिलेली ती जागा कोणत्याही पदवीहून मोठी म्हणावी लागेल.

नव्या तंत्रज्ञानाविषयी बोलताना मक्याची आणखी एक कथा ध्यानात घेतली पाहिजे. मेक्सिकोतील बाई मका तसाच दळत नाही. तो चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजत ठेवून, साल काढून मग वाटते आणि त्याची भाकरीसारखी तोर्तिया थापून तव्यावर भाजते. युरोपीयांनी मका नेला, पण ही कृती नेली नाही. परिणाम असा झाला की उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा भयंकर रोग जडला. चुन्याच्या संस्कारावाचून मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळत नाही, याचा उलगडा शास्त्राला विसाव्या शतकात झाला. मेक्सिकोच्या चुलीला तो हजारो वर्षे ठाऊक होता. अर्थात नाव न घेता. बियाणे उचलून नेता येते, परंतु त्याभोवतीचे शहाणपण उचलायला त्या लोकांत बसावे लागते. खानखोजे बसले होते.

याच मेक्सिकोतून पुढे भारतात हरितक्रांती आली. १९४३ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तेथे गहू-मका सुधारणेचा कार्यक्रम सुरू झाला, दुसऱ्या वर्षी नॉर्मन बोर्लॉग त्यात दाखल झाले, आणि १९६६ मध्ये भारताने ‘लेर्मा रोहो’सारख्या बुटक्या मेक्सिकन गव्हाचे १८,००० टन बियाणे आयात केले. देशाला भिकेच्या जहाजांपासून सोडवणारे ते पाऊल होते, यात शंका नाही. खानखोजे तेव्हा नागपुरात आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर होते. १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले, तेव्हा ब्रिटिश अमदानीतील काळ्या यादीत नाव राहिल्यामुळे स्वतंत्र भारतात पाऊल टाकतानाही त्यांना अडथळा आला. पुढे ते कायमचे परतले. १९६७ च्या जानेवारीत ते वारले, तेव्हा मेक्सिकन गव्हाचे पीक उत्तरेत डुलू लागले होते. एका देशातून बियाणे आणि माणूस दोन्ही आले. बियाण्याचे स्वागत अधिक झाले, एवढेच.

या गव्हाला पाणी हवे होते, खत हवे होते, सपाट जमीन हवी होती. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते, त्यांच्या शिवारात तो गेला नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके असेच. जव्हार तालुक्यात वावर नावाचे गाव आहे. विदर्भात, म्हणजे खानखोज्यांच्या मुलखात, शेताला वावर म्हणतात. या योगायोगाचे कौतुक करावे अशी परिस्थिती मात्र या गावाची नव्हती. १९९२ मध्ये वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून दीड-दोनशे किलोमीटरवर मुले उपासमारीने दगावतात, हे तोवर शहराने ऐकले नव्हते असे नव्हे. ते मान्य केले नव्हते. त्यानंतर १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली, २०१५ मध्ये गर्भवती व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी अमृत आहार योजना आली. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंच्या बातम्या पुन्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होत्या.

येथील शेती समजून घेतली म्हणजे कोडे थोडे सुटते. पाऊस इतका की डोंगरउताराची माती धुऊन नेतो. आणि फाल्गुन उलटला की बायका हंडे घेऊन झऱ्याच्या वाटेला लागतात. मोखाड्याच्या डोंगरांतील वैतरणेचे पाणी धरणांत अडवून मुंबईला जाते. उन्हाळ्यात पाला-शेणाचा राब भाजायचा, त्या भाजलेल्या तुकड्यात रोप तयार करायचे आणि पाऊस बसला की ते उतारावर नेऊन लावायचे, अशी नागली आणि वरईची रीत आहे. बांधाला उडीद, माळाला खुरासणी. मेक्सिकोतला शेतकरी मक्याच्या ताटाला घेवड्याचा वेल चढवतो आणि खाली भोपळा पसरू देतो, त्याच्याशी या मिश्र शेतीचे नाते जवळचे आहे. नागलीत चुना, म्हणजे कॅल्शियम, तांदळाच्या कित्येक पट. बाळंतिणीला नागलीची पेज देणाऱ्या वारली किंवा कोकणा आजीला हे कोष्टक कोणी शिकवलेले नाही.

मग मूल खंगते कशाने? पीक चार-पाच महिन्यांचे, तेही जेमतेम. दिवाळी झाली की घरेच्या घरे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. आई विटा थापते, मूल भट्टीच्या कडेला असते; अंगणवाडीचे नाव गावात आणि पोट भट्टीवर. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडल्यावाचून परतता येत नाही. वेठबिगारीचा कायदा १९७६ चा आहे, पण उचल हा शब्द अजून चलनात आहे. परदेशस्थांविषयी लिहिताना या स्थलांतरितांचा विचार सहसा कोणी करीत नाही. खरे पाहता वावरहून भिवंडीला गेलेला मजूर जितका परका असतो, तितका परका पुण्याहून कॅलिफोर्नियाला गेलेला अभियंता क्वचितच असेल. जगाविषयी, यंत्रांविषयी, परमुलखातील रोजच्या जगण्याविषयी त्यालाही मते असतात. ती विचारायला कोणी जात नाही.

आज परदेशस्थ मराठी माणसाचे मत क्षणार्धात घरी पोहोचते. अमेरिकेची निवडणूक, युक्रेनचे युद्ध, कृत्रिम बुद्धिमत्ता, तिकडच्या दवाखान्यांची बिले, सर्वांवर तो बोलतो, आणि पुष्कळदा नेमके बोलतो. अनेकजण आदिवासी भागांतील संस्थांना पैसा पाठवतात, हेही नाकारण्याचे कारण नाही. पण उपग्रहाने पिकाचे निदान, यंत्राने मुलाचे वजन, फोनवर डॉक्टरचा सल्ला अशा सूचना जेव्हा दूरवरून येतात, तेव्हा खानखोज्यांची रीत आठवावीशी वाटते. १९२० च्या दशकात त्यांच्यापाशीही त्या काळचे अगदी ताजे शास्त्र होते. मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात येऊन पुरती तीस वर्षे झाली नव्हती. ते शास्त्र त्यांनी आधी शेतकऱ्याच्या रानात नेले आणि त्याच्या मुलाच्या हाती दिले. जव्हारच्या डोंगरावर अशी मुक्त शाळा निघाली असती तर तिथला पहिला विषय नागलीच असता. उतारावर टिकणारी, लवकर पिकणारी, आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्याच्या घरी बियाणे राहील अशी नागली. गहू आणि भात यांवर जितके संशोधन झाले, त्याच्या पासंगालाही नागली-वरईवरचे काम पुरत नाही. याचे कारण शास्त्रात शोधू नये. ते पिकवणारे आणि खाणारे कोण, यात शोधावे.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन, गहू दोन आणि भरड धान्य एक रुपया किलो असा दर ठरवला होता. २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. त्याच वर्षी भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष साजरे झाले आणि नागलीला ‘श्रीअन्न’ हे भारदस्त नाव मिळाले. शहरांतील दुकानांत तिची बिस्किटे चकचकीत वेष्टनात आली. रेशनवर मात्र देशभर मुख्यतः तांदूळ आणि गहूच मिळत राहिला. डोंगरउतारावर नागली पिकवणारे घर वर्षातले बरेच महिने तोच तांदूळ शिजवते.

चापिंगोच्या विद्यापीठाच्या आवारात २०२२ मध्ये खानखोज्यांचा पुतळा बसवण्यात आला. भारताच्या लोकसभेच्या अध्यक्षांनी तिकडे जाऊन त्याचे अनावरण केले.