जुना व्हिडिओ गेम: फुंकर नको, निगा हवी

कॅसेट बाहेर काढायची, तिच्या तोंडाशी जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा खाचेत बसवायची. गेम सुरू! १९९० च्या दशकात वाढलेल्या मुलांना हा उपाय कुणी शिकवावा लागला नाही. मारिओ अडला, फुंकर. कॉन्ट्रा अडला, फुंकर. आज तीच मुले चाळिशीच्या आसपास आली आहेत आणि त्यांची मुले विचारू लागली आहेत, "बाबा, तुमचा तो गेम अजून चालतो का?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर त्या यंत्राची निगा कशी राखली यावर अवलंबून आहे. कारण ही यंत्रे आता पुन्हा तयार होत नाहीत. ज्या जपानी यंत्रावरून आपल्याकडचे बहुतेक टीव्ही गेम बेतलेले होते, तो निन्टेन्डो कंपनीचा 'फॅमिकॉम' जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये विक्रीस आला. १९८५ पासून त्याचे दुसरे रूप अमेरिकेत विकले जाऊ लागले. जगभरात दोन्ही मिळून सहा कोटींहून अधिक यंत्रे खपली. २००३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि २००७ मध्ये कंपनीने जपानमधील दुरुस्तीही बंद केली. त्यानंतर आलेला सोनीचा 'प्लेस्टेशन २' तर १५ कोटींहून अधिक घरांत पोहोचला, पण २०१३ च्या आरंभी त्याचेही उत्पादन संपल्याचे जाहीर झाले. म्हणजे घरातले यंत्र एकदा जळाले की कंपनीचे दार ठोठावून उपयोग नाही.

बंगळुरूची गोष्ट वेगळी का?

भारतात असे यंत्र जपायचे झाले तर बंगळुरूसारखे सोयीचे शहर विरळा. टाऊन हॉल आणि के. आर. मार्केट यांच्या परिसरातील सदर पत्रप्पा रोड, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला 'एस. पी. रोड', हा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. कपॅसिटर, स्विच, वायर, पिना, अॅडॉप्टर, सोल्डरिंगचे साहित्य असे सगळे तिथे मिळते. मॅजेस्टिकजवळच्या गांधीनगरमधील नॅशनल मार्केट परदेशी वस्तूंसाठी वर्षानुवर्षे ओळखले गेले.

पण याच शहरात जुन्या यंत्रांना एक खास धोकाही आहे. नोकरीनिमित्त अमेरिकेत राहून परतलेली कुटुंबे इथे पुष्कळ. सामानाबरोबर मुलांचा व्हिडिओ गेमही येतो. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची, जपानमधील १०० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची. पिनेला जोड लावून ते यंत्र थेट आपल्या सॉकेटमध्ये खोचले तर क्षणात धूर निघू शकतो. पिनेचा आकार बदलला म्हणजे व्होल्टेज बदलले असे नव्हे. अशा यंत्राला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर तरी हवा किंवा योग्य क्षमतेचा वेगळा अॅडॉप्टर तरी.

आधी अॅडॉप्टर तपासा

जुनी यंत्रे धुळीने जितकी बिघडत नाहीत तितकी चुकीच्या अॅडॉप्टरने जळतात. मूळ अॅडॉप्टर हरवलेला असतो. मग घरात सापडेल तो, पिन बसली म्हणून लावून दिला जातो. अॅडॉप्टरवर तीन गोष्टी पाहाव्यात: किती व्होल्ट, किती मिलिअँपिअर आणि पिनेच्या मधला भाग धन आहे की ऋण. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. मिलिअँपिअर यंत्राच्या गरजेइतके किंवा त्याहून जास्त चालतात, कमी मात्र नकोत.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. फॅमिकॉमला १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअरचा अॅडॉप्टर लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. सेगा कंपनीच्या पहिल्या 'मेगा ड्राइव्ह'चाही मधला भाग ऋणच, पण त्याच नावाच्या दुसऱ्या, लहान यंत्राचा मात्र धन! नाव एक, कंपनी एक, तरी एकाचा अॅडॉप्टर दुसऱ्याला घातक. आपल्याकडे 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांची जी यंत्रे आली, त्यांच्या बाबतीत अंदाजावर जाऊच नये. यंत्राच्या पाठीवरची किंवा तळाची खूण वाचावी. ती पुसली असेल तर दुकानदाराकडून मीटरने तपासून घ्यावे आणि मगच विजेला जोडावे.

फुंकर का नको?

फुंकरीने गेम चालायचा, हे खोटे नाही. पण तो फुंकरीने चालत नव्हता. कॅसेट काढून पुन्हा बसवताना तिच्या धातूच्या पट्ट्या खाचेतील पिनांवर घासल्या जात आणि तुटलेला संपर्क जुळून येई. श्रेय मात्र फुंकरीला मिळे. उलट तोंडातील ओलसर वाफ त्या पट्ट्यांवर बसून कालांतराने त्या काळवंडत. निन्टेन्डोनेही कॅसेटमध्ये फुंकू नये अशी सूचना दिली होती.

योग्य उपाय सोपा आणि स्वस्त आहे. आयसोप्रोपाइल अल्कोहोलची छोटी बाटली आणि कापूस लावलेल्या काड्या एवढेच साहित्य. बाटलीवर ९९ टक्के शुद्धता लिहिलेली असावी. काडी अल्कोहोलमध्ये बुडवून, जादाचे निपटून, कॅसेटच्या पट्ट्यांवरून वरून खाली फिरवावी. कापूस काळा झाला की काडी बदलावी. काडी स्वच्छ निघू लागली की पाच-दहा मिनिटे कॅसेट वाळू द्यावी. यंत्रातील खाच साफ करायची असेल तर हीच कॅसेट अल्कोहोलने किंचित ओलसर करून दोन-चार वेळा आत-बाहेर करावी, मात्र यंत्राची वायर सॉकेटमधून काढलेली असतानाच.

अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. देवघरातील समई किंवा गॅस जवळ नसावा, खिडकी उघडी असावी आणि मुलांच्या हाती बाटली देऊ नये. हात धुण्याचे सॅनिटायझर इथे चालत नाही, त्यातील चिकट द्रव पट्ट्यांवर राहतो. डाग फारच हट्टी असेल तर पांढरा, मऊ खोडरबर अगदी हलक्या हाताने एकदाच फिरवावा. पॉलिश पेपर कधीच नको, त्याने पट्टीवरचा पातळ मुलामाच निघून जातो.

बाहेरची सफाई

यंत्राचा वरचा भाग रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशने झाडावा. मग सुती कापड पाण्यात भिजवून, घट्ट पिळून पुसावे. चिकट हातांचे डाग असतील तर भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. थिनर, पेट्रोल आणि नखांचे रंग काढण्याचे द्रव प्लास्टिक विरघळवतात. छापील अक्षरांवर अल्कोहोलही लावू नये, ती पुसली जातात.

पांढरी यंत्रे पिवळी का पडतात, असे अनेकांना वाटते. त्या काळच्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीनयुक्त द्रव्ये मिसळत. ऊन आणि काळ यांच्या परिणामाने त्यांचा रंग बदलतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते पुन्हा पांढरे करता येते, पण पिवळेपणा पुन्हा परतू शकतो आणि त्या द्रवाने त्वचाही भाजते. केस पिकले म्हणून माणूस आजारी नसतो, तसेच हे. पिवळेपणाने यंत्राच्या कामात काहीही अडत नाही.

रिमोट, लेन्स आणि पंखा

बटण दाबूनही मारिओ उडी मारत नसेल तर दोष बहुधा रिमोटच्या आतील रबरी गादीत असतो. मागचे स्क्रू काढून ती गादी आणि तिच्याखालची काळी वर्तुळे कोरड्या मऊ कापडाने हळुवार पुसावीत. उघडण्यापूर्वी आतला एक फोटो मोबाइलवर काढून ठेवावा आणि स्क्रू वाटीत ठेवावेत, म्हणजे जोडताना गोंधळ होत नाही. खेळ संपल्यावर वायर रिमोटभोवती करकचून गुंडाळण्याची सवय सोडावी. वायर नेमकी तिथेच तुटते.

सीडी-डीव्हीडीच्या यंत्रांत लेन्सवर धूळ बसते. कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या रबरी फुग्याने हवा मारावी. तेवढ्याने भागले नाही तरच अल्कोहोलची किंचित ओलसर काडी, जोर न देता, फिरवावी. सीडी मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल नाही. पंख्यातील धूळ काढताना पाते बोटाने धरून ठेवावे. झाडलोटीचा व्हॅक्युम क्लीनर आत लावू नये, त्याने निर्माण होणारी स्थिर वीज चिप खराब करू शकते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. प्लेस्टेशनच्या पहिल्या आणि 'प्लेस्टेशन २' च्या मोठ्या आकाराच्या यंत्रांत २३० व्होल्टचा विद्युत भाग पेटीच्या आतच असतो. वायर काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. हा भाग घरी उघडू नये. जुना, मोठ्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही तर मुळीच उघडू नये. त्यात हजारो व्होल्ट असतात.

सेल आणि साठवलेला खेळ

हातात धरून खेळायचे गेम महिनोन् महिने कपाटात राहतात आणि आतले सेल पाझरतात. म्हणून ठेवण्यापूर्वी सेल काढावेत. अल्कलाइन सेल पाझरून पांढरी भुकटी जमली असेल तर हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये किंचित बुडवलेल्या काडीने ती पुसावी आणि नंतर अल्कोहोलने साफ करून वाळवावे.

काही कॅसेटींमध्ये खेळ साठवून ठेवण्यासाठी नाण्याएवढी बॅटरी आत डाग देऊन बसवलेली असते. ती साधारण पंधरा-वीस वर्षे टिकते. ती संपली की दादाने शाळेत असताना कुठवर मजल मारली होती याची नोंदही पुसली जाते. बॅटरी साधेपणाने बदलली तरी नोंद जातेच. ती हवी असेल तर बॅटरी संपण्यापूर्वी ती उतरवून घेण्याचे उपकरण असलेल्या जाणकाराकडेच कॅसेट द्यावी.

कारागिराकडे केव्हा जावे?

चित्र थरथरते, आवाज बारीक झाला, कुजलेल्या माशासारखा वास येतो, ही कपॅसिटर पाझरल्याची लक्षणे असू शकतात. हे काम सोल्डरिंग येणाऱ्या माणसाचे. नवा कपॅसिटर तितक्याच क्षमतेचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा असावा. आधी खर्च विचारून घ्यावा आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. स्वस्त यंत्र उघडल्यावर आत चिपच्या जागी डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका दिसला आणि बिघाड त्यातच असला, तर दुरुस्ती परवडत नाही.

सगळे ठीक असूनही बदकांवर बंदूक चालत नसेल तर बंदुकीला दोष देऊ नये. ती फक्त जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालते, नव्या सपाट टीव्हीवर नाही.

ठेवायचे कुठे?

स्वयंपाकघराजवळ नको, फोडणीची तेलकट वाफ धुळीला चिकटवते. झुरळांना यंत्राची ऊब फार आवडते, म्हणून झाकण घालावे, पण यंत्र थंड झाल्यावरच. कापडी झाकण, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि उन्हापासून दूर कोरडी जागा, एवढे पुरे. कपड्यांत ठेवतो तशा डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, काही प्लास्टिकवर त्यांचा वाईट परिणाम होतो. महिन्यातून एकदा अर्धा तास यंत्र चालवावे.

आणि खरोखरच काही उरले नसेल तर? घंटागाडीत किंवा गच्चीवरच्या अडगळीत नको. यंत्रातील डागात शिसे असते. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू आहेत आणि अधिकृत केंद्रांकडेच तो द्यायचा असतो. बंगळुरूजवळ दोब्बासपेट येथील 'ई-परिसरा' हा अशा कामातील देशातील सुरुवातीच्या उद्योगांपैकी एक. त्याआधी चालू रिमोट, वायर, कॅसेट काढून ठेवाव्यात, दुसऱ्या कुणाचे यंत्र त्यावर जगते.

कर्नाटकात आयुधपूजेला आणि आपल्याकडे खंडेनवमीला घरातील हत्यारे, अवजारे, वाहने पुसून त्यांना हळदकुंकू वाहतात. वर्षभर ज्याने साथ दिली त्याची एक दिवस तरी विचारपूस करावी, हा त्यामागचा भाव. त्या दिवशी टीव्हीखालच्या या पेटीचीही आठवण ठेवावी. हळदकुंकू मात्र तिच्या जाळीपासून दूर वाहावे. अॅडॉप्टर तपासून, पट्ट्या पुसून, एक रिमोट आपल्या हाती आणि दुसरा मुलाच्या हाती द्यावा. बहुधा पहिला डाव मूलच जिंकेल, आणि त्याची तयारीही आईबाबांनी ठेवावी.