मिनरल की सिंथेटिक? रेणूंना विचारू या

१८८३ सालची गोष्ट. इंग्लंडमधले अभियंते बीचम टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगचं घर्षण मोजत होते. आसाचा खालचा भाग तेलात बुडलेला होता. वरूनही तेल सोडता यावं म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर अर्ध्या इंचाचं भोक पाडलं. यंत्र सुरू झालं, तर त्याच भोकातून तेल उसळून वर यायला लागलं. ते थांबवायला बूच ठोकलं, ते बाहेर ढकललं गेलं. मग लाकडाची खुंटी ठोकली, तीही सरकत वर आली. शेवटी तिथे दाबमापक बसवला, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार याच्या निम्माच होता!

आस धातूला टेकलेलाच नव्हता, तो तेलावर तरंगत होता. तेल दाबाने भरायला कुठला पंपही नव्हता. फिरणारा आस स्वतःच तेलाला अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढत होता आणि त्या ओढीतूनच एवढा दाब तयार होत होता. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी यामागचं गणित मांडलं. आज तुमच्या चारचाकीचा क्रँकशाफ्ट त्याच गणितावर फिरतो. तेलाचा तो थर असतो काही मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा एक छोटासा अंश. धातूला धातूपासून दूर ठेवणारं दुसरं काहीच मध्ये नसतं.

सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिक विचारतो, ‘साधं टाकू की सिंथेटिक?’ तेव्हा खरा प्रश्न या थराचा असतो. उन्हात, ट्रॅफिकमध्ये, घाटात, वर्षभर हा थर कोण जास्त चांगला टिकवेल?

थराची ताकद तेलाच्या दाटपणावर ठरते आणि दाटपणा तापमानासोबत प्रचंड बदलतो. १०डब्ल्यू-३० ग्रेडचं तेल ४० अंश सेल्सिअसला जेवढं दाट असतं, त्याच्या साधारण सहा-सात पट पातळ ते १०० अंशाला होतं. डब्यावरच्या आकड्यांपैकी ‘३०’ हा आकडा १०० अंशाला तेल किती दाट राहतं ते सांगतो. ‘१०डब्ल्यू’ थंडीतल्या वागणुकीबद्दल सांगतो: उणे २५ अंशालाही हे तेल इंजिन फिरू देईल इतपत पातळ असतं. २०डब्ल्यूची हीच चाचणी उणे १५ अंशाला होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी आपल्याकडे बातमी होते, त्यामुळे हा थंडीचा आकडा रोजच्या वापरात आपल्याला फारसा छळत नाही. बाइक घेऊन लेह-लडाखला निघालेल्यांनी मात्र तो जरूर बघावा.

आता मूळ फरकाकडे येऊ. मिनरल तेल कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून मिळतं. रवा कितीही चाळला तरी त्यात बारीक-जाड कण राहतातच, तसे या तेलात लहान-मोठे, सरळ-वेडेवाकडे असे नाना तऱ्हेचे रेणू राहतात. हलके रेणू गरम पिस्टनजवळ उडून जातात. मेणासारखे सरळ रेणू थंडीत एकमेकांना चिकटून तेल घट्ट करतात. काही रेणू उष्णतेत हवेतल्या ऑक्सिजनशी लवकर संयोग पावतात आणि त्यांचा चिकट गाळ होतो.

सिंथेटिक तेलांपैकी पॉलिअल्फाओलेफिन या प्रकारात रेणू निवडून घेत नाहीत, ते बांधतात. सुरुवात एथिलीन या वायूपासून होते. त्यापासून दहा कार्बन अणूंची साखळी तयार करतात आणि अशा तीन-चार साखळ्या एकत्र जोडतात. जवळजवळ एकाच मापाचे, फांद्या फुटलेले हे रेणू उणे ५० अंशाच्या खालीही वाहत राहतात आणि तापल्यावरही सहज उडून जात नाहीत. तेल किती उडतं हे मोजायची एक ठरलेली चाचणी आहे: २५० अंशाला तासभर तापवायचं आणि वजनातली घट बघायची. आजच्या पेट्रोल कारच्या तेलांना यात १५ टक्क्यांची मर्यादा असते. चांगलं सिंथेटिक तेल तिच्या बऱ्याच खाली राहतं.

डब्यावर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं प्रत्येक तेल मात्र असं बांधलेलं नसतं. मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध नेलेल्या तक्रारीचा १९९९ साली अमेरिकेत निकाल लागला. खनिज तेलावर प्रक्रिया करून केलेलं तेल सिंथेटिक म्हणून विकता येईल का, असा वाद होता. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. ही प्रक्रियाही थक्क करणारी आहे. प्रचंड दाबाखाली, हायड्रोजनच्या सान्निध्यात जुने रेणू तोडून त्यांची नवी रचना करतात. बाजारातली बरीचशी सिंथेटिक तेलं आज याच वाटेने येतात आणि साध्या मिनरलपेक्षा ती खरोखरच सरस असतात.

सर्वांत विलक्षण भाग पुढेच आहे. सेकंदाला १०० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टन दर सेकंदाला २०० वेळा क्षणभर थांबून उलट फिरतो. वेगच नाही म्हटल्यावर टॉवर यांना दिसलेला तो दाब तयार कसा होणार? तिथे थर पातळ होतो आणि धातू धातूला भिडू पाहतो. अशा वेळी तेलात मिसळलेलं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग धावून येतं. घासणाऱ्या जागेच्या उष्णतेने आणि दाबानेच त्याचा काचेसारखा सूक्ष्म लेप धातूवर चढतो. तो झिजतो आणि पुन्हा चढतो, धातू मात्र वाचतो. हे संयुग मिनरलमध्येही असतं आणि सिंथेटिकमध्येही. म्हणून मूळ तेलाइतकंच त्यात काय मिसळलंय हेही महत्त्वाचं ठरतं.

मोटरसायकलचं प्रकरण आणखी नाजूक आहे. बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात असतात. तेल तापल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक पॉलिमर घालतात. हे पॉलिमर थंडीत आक्रसून बसतात आणि उष्णतेत पसरतात. गिअरचे दाते त्यांचे तुकडे करत राहतात आणि तेल हळूहळू पातळ होत जातं. तापमानासोबत मुळातच कमी बदलणाऱ्या सिंथेटिक तेलाला पॉलिमर कमी लागतात, तो त्याचा इथला खरा फायदा. क्लचच्या प्लेटांना मात्र पकड हवी असते. घर्षण कमी करणारी रसायनं घातलेलं कारचं तेल बाइकमध्ये ओतलं तर क्लच स्लिप मारू शकतो: ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, गाडी वेग घेत नाही. म्हणून गिअरच्या बाइकसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ बघावं. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच या तेलात नसतो, तिला ‘एमबी’ चालतं.

मग निवड कशी करायची? आधी कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेड आणि मानांकन बघा. त्यात तडजोड नको. साधी १०० सीसीची बाइक, रोजची ऑफिसची ये-जा आणि पुस्तिकेत मिनरलला मुभा असेल, तर चांगलं मिनरल तेल अगदी पुरेसं आहे. वाचलेल्या पैशांत ते वेळेवर बदला. टर्बो इंजिन, तासन्‌तास रखडणारं ट्रॅफिक, विदर्भातल्या मे महिन्यातला लांबचा प्रवास किंवा हिमालयाची वारी असेल, तर सिंथेटिकवर खर्च केलेला पैसा सार्थकी लागतो. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल, तर प्रश्नच मिटला. तेवढी थंडी सोसणं साध्या मिनरलच्या आवाक्याबाहेरचं आहे. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर कमी राख सोडणारंच तेल लागतं. वाटेत तेल कमी पडलं आणि मिळालं ते दुसऱ्या जातीचं, तरी घाबरू नका. त्याच ग्रेडचं आणि मानांकनाचं असेल तर मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळतात.

तेल काळं पडलं म्हणजे खराब झालं, हा समजही सोडून द्यायला हवा. काजळीला गोळा होऊ न देता आपल्यात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. खरी झीज डोळ्यांना दिसत नाही: आम्लं मारणारी रसायनं संपत जातात, पॉलिमर तुटत जातात. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे इंधन जळताना तयार झालेलं पाणीही तेलात साचतं. म्हणून किलोमीटर भरले नाहीत तरी महिन्यांची मुदत पाळायची असते. बाइकमध्ये जेमतेम लिटरभर तेल असतं, त्यातलं पाव लिटर उडालं तर उरलेल्यावर सगळा भार पडतो. महिन्यातून एकदा गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून डिपस्टिकवर पातळी तपासा. मुदत उलटलेल्या महागड्या सिंथेटिकपेक्षा योग्य ग्रेडचं, वेळेवर बदललेलं साधं तेल तुमचं इंजिन जास्त जपेल.