क्रॅपीसाठी ‘स्पायडर रिगिंग’
अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला ग्रेनाडा तलाव मोठ्या क्रॅपी माशांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे रुळलेली एक पद्धत म्हणजे ‘स्पायडर रिगिंग’. नावेच्या नाळेवर १२ ते १६ फूट लांबीच्या गळाच्या काठ्या पंख्यासारख्या बसवायच्या आणि विजेच्या छोट्या मोटरवर नाव ताशी जेमतेम १ किलोमीटर वेगाने पुढे सरकवायची. शिकणाऱ्याचा खरा कस या वेगातच लागतो. तो वाढला की दोऱ्या मागे तिरक्या होतात, आमिष वर उचललं जातं आणि खोलीचा अंदाज चुकतो. क्रॅपी सहसा वर पाहून भक्ष्य टिपतो, म्हणून आमिष थव्याच्या किंचित वर हवं; खाली गेलं तर मासा त्याकडे सहसा फिरकत नाही. सुरुवातीला काठ्या कमीच ठेवा, आणि किती काठ्यांना परवानगी आहे, ते त्या राज्याच्या नियमांत आधी पाहून घ्या.