धातूचे कोठारघर

धातूचे कोठारघर : शेतावरील कोठाराच्या धाटणीची, पोलादी चौकट व पन्हळी पत्रे यांनी बनविलेली राहती इमारत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः टेक्सस, ओक्लाहोमा, मिसूरी, टेनेसी इ. राज्यांच्या ग्रामीण भागांत, ही घरे आढळतात. इंग्रजीत त्यांना ‘बार्नडोमिनियम’ असे नाव रूढ झाले आहे. ‘बार्न’ या शब्दाला मराठीत नेमका पर्याय नाही. धान्य, वाळलेले गवत, गुरे, घोडे, अवजारे असे सर्व काही एका छपराखाली सामावणारी ती इमारत असते. म्हणजे आपल्याकडील कोठार, गोठा व तबेला या तिन्हींचे काम ती करते. उंच छप्पर, मध्ये खांब नसलेली विस्तीर्ण जागा आणि एका टोकास मोठा दरवाजा ही तिची वैशिष्ट्ये कोठारघरातही टिकविलेली असतात. पुष्कळदा अर्ध्या भागात निवास व उरलेल्या भागात मोटार, ट्रॅक्टर किंवा कार्यशाळा अशी विभागणी असते.

पूर्वेतिहास : पत्र्याच्या इमारतीची कल्पना जुनी आहे. लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडून त्याचा ताठपणा वाढविण्याच्या पद्धतीचे एकस्व हेन्री रॉबिन्सन पामर या अभियंत्याने १८२९ मध्ये लंडन येथे घेतले. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने जस्तविलेपनाचे एकस्व घेतल्यावर असे पत्रे गंजापासून बऱ्याच प्रमाणात सुरक्षित झाले. कोकणात व मुंबईच्या जुन्या वस्त्यांत दिसणारे पत्र्याचे छप्पर याच शोधांचे वंशज होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, ऱ्होड आयलंडमधील क्वॉन्सेट पॉइंट येथे अर्धवर्तुळाकार छेदाच्या पोलादी झोपड्या तयार होऊ लागल्या. युद्धोत्तर घरटंचाईत त्यांतील अनेक झोपड्या नागरिकांनी विकत घेऊन त्यांची घरे केली.

धातूच्या घराची किंमत आगाऊ सांगणे किती अवघड असते, याचा धडा लस्ट्रॉन या घरांनी दिला. कार्ल स्ट्रँडलंड याच्या कंपनीने काचमिना चढविलेल्या पोलादी फलकांची ही घरे ओहायओ राज्यातील कोलंबस येथील कारखान्यात तयार केली. तिला ३ कोटी ७० लाख डॉलरांहून अधिक सरकारी कर्ज मिळाले होते. मार्च १९४९ मध्ये घराची किंमत ८,५०० ते ९,५०० डॉलर सांगितली जात होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत सरासरी किंमत १०,५०० डॉलरांवर गेली. सुमारे २,५०० घरे बांधून झाल्यावर १९५० मध्ये कंपनी बुडाली. घरे मात्र टिकाऊ निघाली व त्यांपैकी कित्येक आजही वापरात आहेत.

‘बार्नडोमिनियम’ हा शब्द १९८९ मध्ये कनेक्टिकट राज्यातील कार्ल निल्सेन या गृहबांधणी व्यावसायिकाने ‘बार्न’ व ‘काँडोमिनियम’ यांच्या संयोगातून घडविला. त्याच्या मनात होती ती घोडे पाळणाऱ्या हौशी लोकांसाठी तबेल्यांसह घरांची वसाहत. आजचा अर्थ त्याहून वेगळा आहे. २०१६ मध्ये ‘फिक्सर अपर’ या दूरचित्रवाणी मालिकेत टेक्ससमधील वेको शहराच्या परिसरातील अशाच एका इमारतीचे घरात झालेले रूपांतर दाखविण्यात आले आणि हा प्रकार देशभर लोकप्रिय झाला. त्यासोबत तो अत्यंत स्वस्त असतो, हा समजही पसरला.

रचना : या घरांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात कारखान्यात जोडून आणलेली पोलादाची दृढ चौकट असते. तिचे खांब व वासे आय-आकाराच्या छेदाचे असून दोन चौकटींमधील अंतर सामान्यतः ६ ते ७·५ मी. असते. चौकटींवर झेड-आकाराच्या पातळ पोलादी तुळया आडव्या टाकून त्यांना पत्रे जोडतात. दुसऱ्या प्रकारात जमिनीत रोवलेल्या किंवा जोत्यावर बसविलेल्या लाकडी खांबांवर पत्रे चढवितात. हा प्रकार कमी खर्चाचा आहे. पत्रे बहुधा २६ किंवा २९ गेजचे असतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ, ही गोष्ट दरपत्रके ताडून पाहताना अनेकांच्या लक्षात येत नाही. पत्र्यांवर केवळ जस्ताऐवजी सु. ५५ टक्के ॲल्युमिनियम असलेल्या जस्त-मिश्रधातूचा लेप देण्याची पद्धत १९७२ पासून प्रचारात आली.

खर्चाचे स्वरूप : जाहिरातीत दिलेली किंमत बहुधा फक्त कवचाची, म्हणजे चौकट, पत्रे व जोडखिळे यांच्या संचाची असते. तीत जोते नसते, उभारणीची मजुरी नसते, पुष्कळदा वाहतूकही नसते. नळ, वीज, उष्णतानिरोधन, आतील भिंती, स्वयंपाकघर यांचा तर प्रश्नच नाही. कवच उभे राहिले की बाहेरून घर पूर्ण झाल्यासारखे दिसते. मात्र खर्चाचा मोठा भाग अजून पुढेच असतो. अनेक कुटुंबांचे पैसे याच टप्प्यावर संपतात आणि घर पत्र्याच्या रिकाम्या पेटीसारखे पडून राहते.

अमेरिकेतील गृहबांधकाम व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने नेहमीच्या एककुटुंबी घरांच्या बांधकामखर्चाची २०२४ ची विभागणी प्रसिद्ध केली. तीनुसार सांगाड्यावर १६·६ टक्के व बाह्य आवरणावर १३·४ टक्के खर्च होतो. पाया १०·५ टक्के, नळ, वीज, तापन-शीतन इ. यंत्रणा १९·२ टक्के आणि आतील सजावट व पूर्तता २४·१ टक्के खर्च घेतात. कोठारघराचे पोलादी कवच यांपैकी सांगाडा व आवरण या दोहोंचीच जागा घेते. त्यांची बेरीज ३० टक्के होते. या ३० टक्क्यांत एक पंचमांश बचत साधली, असे धरले तरी एकूण खर्च फक्त ६ टक्क्यांनी कमी होतो. न्हाणीघरातील नळ, विजेच्या तारा व फरशी यांचा भाव भिंत लाकडाची आहे की पत्र्याची यावर ठरत नाही. कोठारघर खरोखर स्वस्त पडते ते साधा आयताकार आराखडा, एकच छप्पर, थोड्या खिडक्या आणि मालकाचे स्वतःचे श्रम यांमुळे. हीच पथ्ये पाळली, तर लाकडी घरही स्वस्त होते.

दर चौ. फुटाचा सरासरी भाव हा आणखी एक फसवा आकडा आहे. समजा, निवासाच्या १,२०० चौ. फुटांना १५० डॉलर व त्याला लागून असलेल्या १,२०० चौ. फुटांच्या कार्यशाळेला ५० डॉलर असा दर पडला. दोहोंची सरासरी १०० डॉलर येते आणि ‘१०० डॉलरांत घर’ असे सांगता येते. हा आकडा ऐकून जो २,४०० चौ. फूट निवासाची आखणी करतो, त्याची फसगत ठरलेली असते.

अंदाजपत्रकाची पद्धत : आधी आराखडा व मग पैशाचा शोध, असा क्रम सामान्यतः आढळतो. तो उलटा करणे श्रेयस्कर होय. एका कुटुंबाजवळ जमीन असून बचत व कर्ज मिळून ३,००,००० डॉलर आहेत, असे मानू (पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत). त्यांतून प्रथम आकस्मिक खर्चासाठी १२ टक्के, म्हणजे ३६,००० डॉलर, बाजूला काढावेत. रस्ता, विंधन विहीर, सेप्टिक टाकी व वीजजोडणी यांसाठी ४५,००० आणि आराखडे, परवाने, विमा व बांधकामकाळातील व्याज यांसाठी २४,००० डॉलर धरले, तर इमारतीसाठी १,९५,००० डॉलर उरतात. स्थानिक ठेकेदारांकडून पूर्ण घराचा दर १३० डॉलर प्रति चौ. फूट असा मिळाला असेल, तर १,५०० चौ. फूट, म्हणजे सु. १४० चौ. मी. घर परवडते. सगळी रक्कम थेट दराने भागणाऱ्याने मात्र २,३०० चौ. फुटांचे स्वप्न पाहिलेले असते. हा फरक कागदावर असतानाच कळला, तर तीन खोल्या कमी करून भागते. पोलाद येऊन पडल्यावर तो कळला, तर भागत नाही.

आकस्मिक खर्चाची तरतूद ही उधळपट्टीची मुभा नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत गरम लाटण केलेल्या पोलादी पट्टीचा भाव छोट्या टनास ५०० डॉलरांहून कमी होता. सप्टेंबर २०२१ मध्ये तो १,९०० डॉलरांवर गेला. आयात पोलादावर २०१८ मध्ये २५ टक्के जकात बसविण्यात आली व जून २०२५ मध्ये ती ५० टक्के करण्यात आली. म्हणून संचाचे दरपत्रक किती दिवस बांधील आहे, हे लेखी घेणे आवश्यक ठरते. मालकाने स्वतःच्या श्रमाची किंमत धरून केलेली बचतही सावधपणे मोजावी. अनेक बँका मालकानेच ठेकेदार होण्यास मान्यता देत नाहीत. शिवाय बांधकामाचे कर्ज पुष्कळदा वर्षभराच्या मुदतीचे असते आणि सुटीच्या दिवशी केलेले काम मुदतीत आटोपतेच असे नाही.

कर्जाच्या बाबतीत एक वेगळी अडचण उद्भवते. बँकेचा मूल्यांकक आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या तत्सम घरांच्या किंमतींवरून मूल्य ठरवितो. ग्रामीण भागात अशी कोठारघरे थोडी व त्यांची विक्री विरळा असते. त्यामुळे मूल्यांकन प्रत्यक्ष खर्चाहून कमी निघू शकते व तेवढी तूट मालकाला रोखीने भरावी लागते. जमीन घेण्यापूर्वीच स्थानिक बँकेशी बोलणे यासाठी हिताचे असते.

जमीन व पाया : गावापासून दूरची स्वस्त जमीन नेहमी स्वस्तच पडते असे नाही. विजेची तार खांबांवरून किती लांब आणावी लागेल, पाणी किती खोल लागेल, सेप्टिक टाकीचे पाणी जिरविण्याजोगी माती आहे की नाही, यांवर हजारो डॉलरांचा फरक पडतो. डॅलस ते सॅन अँटोनिओ या पट्ट्यातील टेक्ससची काळी माती मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. ती दख्खनच्या कापसाच्या काळ्या मातीच्याच गटातील आहे. पावसात ती फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीवर साधे ४ इंची (१० सेंमी.) काँक्रीटचे जोते तडकण्याचा संभव असल्याने पश्चताणित पोलादी दोर घातलेले जोते किंवा खोल खांबांचा पाया घ्यावा लागतो. उत्तरेकडील राज्यांत जमीन गोठण्याच्या खोलीखाली पाया न्यावा लागतो. पायाच्या खर्चाचा अंदाज मातीची तपासणी झाल्याशिवाय विश्वसनीय मानू नये. तसेच सर्व सांडपाण्याचे नळ जोत्याखाली आधीच पुरलेले असतात, त्यामुळे काँक्रीट ओतल्यावर न्हाणीघराची जागा बदलणे फार महाग पडते.

कोठारातून घर होताना : संच मागविताना इमारत निवासासाठी आहे, हे कारखान्याला सांगितले नाही, तर चौकट साध्या कोठाराच्या हिशेबाने बनते. वाऱ्यात कोठार थोडे हलले तरी बिघडत नाही. घरात मात्र जिप्समच्या भिंतींना तडे जातात. आतील छत, हवेच्या नळ्या व दिवे यांचा आनुषंगिक भारही आधीच नोंदवावा लागतो. अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या आदर्श संहितेतील तयार नियम लाकडी व हलक्या पोलादी सांगाड्यांसाठी आहेत. दृढ चौकटीच्या घरास स्थानिक वारा व हिम यांच्या भारानुसार नोंदणीकृत अभियंत्याने केलेले आराखडे सादर करावे लागतात. काही ग्रामीण परगण्यांत तपासणी नाममात्र असते. तेथे स्वतः तपासनीस नेमण्याचा खर्च वाचवू नये, असे म्हणावेसे वाटते.

संघनन हा पत्र्याच्या घराचा मुख्य शत्रू होय. पोलाद लाकडाच्या कित्येक शेकडा पट अधिक उष्णतावाहक आहे. हिवाळ्यात घरातील दमट हवा थंड पत्र्यास लागताच दव जमते, छतातून पाणी ठिबकते व निरोधक थर भिजतो. कोठारात मोकळा वारा खेळत असल्याने हा त्रास कमी जाणवतो. स्वयंपाक, आंघोळ व माणसांचा श्वास सुरू झाला की तो उघड होतो. यावर बंदिस्त पेशींचा फेस फवारणे हा प्रभावी उपाय आहे. पण तो काचतंतूच्या गाद्यांपेक्षा बराच महाग असतो. अंदाजपत्रक तुटू लागले की पहिली कात्री येथेच लागते. हे चुकीचे आहे, कारण फडताळे व फरशी नंतर बदलता येतात, पण भिंतीतील निरोधन आतील फलक उखडल्याशिवाय बदलता येत नाही.

विम्याची अटही आधी वाचावी. मध्य अमेरिकेत गारपीट वारंवार होते आणि गारांनी पत्रा फुटला नाही, केवळ पोचला, तर ती ‘दर्शनी हानी’ मानून भरपाई नाकारणारी कलमे अनेक विमापत्रांत असतात.

पैसे अपुरे असल्यास घर लहान बांधून पुढे वाढविण्याचा मार्ग मोकळा असतो. पण त्याची सोय पहिल्याच मागणीत करावी लागते. टोकाची भिंत सामान्यतः हलक्या खांबांवर उभारतात व ती अर्ध्याच खणाचा भार पेलते. तिच्याऐवजी त्या टोकास पूर्ण क्षमतेची चौकट बसवून घेतली, तर संचाची किंमत थोडी वाढते. परंतु काही वर्षांनी पत्रे काढून आणखी एक खण जोडता येतो.